दुसऱ्या मॉनिटरवर काय लावायचं

दिवाळी अंकांचं काम सुरू झालं की आमच्याकडं ऑगस्टपासूनच दिवाळी असते, म्हणजे फराळ वगैरे काही नाही, नुसती धावपळ. अशाच एका दुपारी अण्णा चहाचा कप घेऊन माझ्या खुर्चीमागं येऊन उभे राहिले. एक फाइल मी डेस्कटॉपवर कुठंतरी टाकली होती ती सापडेना, म्हणून सगळ्या विंडो खाली केलेल्या, त्यामुळं दोन्ही मॉनिटर उघडे पडले होते आणि दोन्हीवर विंडोज अकराबरोबर येतं ते निळं फुलासारखं चित्र. अण्णांनी एकदा डावीकडं बघितलं, एकदा उजवीकडं बघितलं, चहाचा घोट घेतला आणि म्हणाले, "दोन्हीकडं तेच? मग दुसरा घेतलाच कशाला?" आणि उत्तराची वाट न बघता गॅलरीत जाऊन पेपर वाचत बसले.

उत्तर सोपं होतं. दुसरा मॉनिटर चित्र बघायला घेतलेला नाहीये, डाव्या चौकोनी स्क्रीनवर लेखकाची वर्डची फाइल असते आणि उजव्या मोठ्यावर पानं लागतात, मध्ये मान हलवायची एवढंच, आणि मागं कुठलं चित्र आहे ते दिवसातनं कितीवेळा दिसतं? पण तरी तो प्रश्न डोक्यातनं जाईना. कारण माझा धंदाच पानं लावायचा. समोरासमोरच्या दोन पानांवर कुणी एकच फोटो लावून पाठवला तर मी त्याला फोन करून विचारीन की बाबा रे, झोपेत होतास का. आणि माझ्याच टेबलावर, माझ्याच नाकासमोर, एकच फूल दोनदा छापलेलं, आणि मला ते खुपलं नव्हतं. बरं, अण्णा कंपोझिटर होते. हाताने खिळे जुळवणारे. शिशाच्या खिळ्यांवरची अक्षरं उलटी असतात, ती उलटी ओळ खिळे रचायच्या स्टिकमध्ये सुलटी असल्यासारखी वाचणारा माणूस, त्याच्या नजरेतनं काही सुटत नाही हे मला लहानपणापासून माहितीये, प्रगतिपुस्तकापासून.

डाव्या मॉनिटरची गोष्ट म्हणजे तो घेतला तापकीर गल्लीतनं, सेकंडहँड. कुठल्यातरी ऑफिसनं एकदम काढून टाकलेल्यांपैकी एक, मागं निळ्या मार्करनं नंबर घातलेला, अजून आहे तो. एकोणीस इंची, चौकोनी, १२८० बाय १०२४. हल्ली असे नवीन कुणी घेत नाही, सगळं आडवं लांबुडकं झालंय, पण मजकूर वाचायला चौकोनी स्क्रीनच बरा वाटतो मला, ओळी जास्त दिसतात, डोळे इकडून तिकडं पळत नाहीत. दुकानदार म्हणाला होता मॅडम याला आता कोण विचारत नाय, म्हणून स्वस्तात मिळाला, आणि उजवीकडचा सत्तावीस इंची मात्र चांगला, २५६० बाय १४४०, त्याचे हप्ते फेडलेत. एक राबायला आणलेला आणि एक लाडाकोडाचा, असे दोघं शेजारी शेजारी. उंची सारखी नाही, रंग सारखे नाहीत, पांढरासुद्धा सारखा नाही. डावीकडचा पांढरा जरा पिवळट, जुन्या पांढऱ्या शर्टचा होतो तसा, बाहेर घालता येतो पण नव्याशेजारी नको.

तर त्या रात्री काम संपल्यावर मी सेटिंग उघडलं.

यातली पहिली गंमत अशी की दोन मॉनिटरना दोन वेगवेगळी चित्रं लावायची सोय विंडोजमध्ये आहे, २०१२ च्या विंडोज आठपासून आहे, पण ती समोर नाहीये. पर्सनलायझेशनमध्ये बॅकग्राउंडला जायचं, ब्राउझ करून चित्र निवडलं की ते दोन्हीकडं लागतं, मग ते चित्र खालच्या छोट्या चौकोनांच्या रांगेत येतं, आणि त्या चौकोनावर राइट क्लिक केलं तर तिथं 'सेट फॉर मॉनिटर वन', 'सेट फॉर मॉनिटर टू' असं लिहिलेलं असतं. राइट क्लिक करायचं आहे हे कुठं लिहिलेलं नाही. ज्याला माहिती त्याला माहिती. आणि वन कुठला टू कुठला? डावीकडचा एक आणि उजवीकडचा दोन, असं आपल्याला वाटतं. कॉम्प्युटरला तसं वाटत नाही, त्यानं आपले नंबर केबल कुठं लागलीये, कार्डला आधी कोण सापडला यावरनं दिलेले असतात. डिस्प्लेमध्ये आयडेंटिफाय दाबलं की दोन्हीकडं मोठा आकडा येतो आणि मग कळतं की आपण ज्याला पहिला समजत होतो तो दुसरा आहे. माझ्याकडं तर तसंच निघालं.

दुसरी गंमत जरा खोल आहे. आपल्याला दिसतात दोन मॉनिटर, कॉम्प्युटरला दिसतं एकच मैदान. मुख्य स्क्रीनचा वरचा डावा कोपरा म्हणजे शून्य-शून्य, तिथून उजवीकडं आणि खाली मोजत जायचं, आणि त्याच्या डावीकडं दुसरा मॉनिटर असला तर तिकडं उणे आकडे. म्हणजे माझा तो तापकीर गल्लीवाला मॉनिटर संपूर्णच्या संपूर्ण उण्यात राहतो. उणे १२८० पासून उणे एकपर्यंत. हे कळल्यापासून मला त्याच्याबद्दल जरा जास्तच माया वाटते. विंडोज सातपर्यंत तर वॉलपेपरसुद्धा एकच मिळायचा सगळ्यांत मिळून, वेगवेगळी चित्रं पाहिजे असतील तर लोक फोटोशॉपमध्ये दोन चित्रं शेजारी शेजारी चिकटवून एक लांबलचक फाइल करायचे आणि 'टाइल' करून, म्हणजे फरशीसारखं पुन्हापुन्हा मांडून, लावायचे, आणि टाइल सुरू व्हायची त्या शून्य-शून्यापासून, त्यामुळं डावीकडच्या मॉनिटरचं चित्र फाइलमध्ये सगळ्यात उजव्या टोकाला चिकटवायला लागायचं, ते मागनं फिरून डावीकडं यायचं. हे मी पूर्वी एका ऑफिसात केलेलं आहे. लागलं तेव्हा कुणाला दाखवावं कळेना, कारण बघणाऱ्याला वाटणार दोन चित्रं आहेत, त्यात काय.

नवऱ्याचं म्हणणं एकच. म्हणजे एकच चित्र, दोन्हीवर पसरलेलं. त्यानं हरिश्चंद्रगडावरनं कोकणकड्याचा फोनवर पॅनोरमा काढलाय, तो 'स्पॅन' करून लाव म्हणाला, खिडकीत बसल्यासारखं वाटेल. कोकणकडा आधीच असा आत वळलेला, अर्धा गोल, दोन पडद्यांच्या कोनात छान बसेल असं मलाही वाटलं. लावला. तर मधल्या काळ्या पट्टीनं कडा तोडला आणि पट्टीच्या पलीकडं कड्याची धार भलतीकडंच उगवली. कारण सरळ आहे, उजवीकडं एका इंचात साधारण १०९ ठिपके बसतात आणि डावीकडं ८६, म्हणजे शंभर ठिपक्यांचा दगड उजवीकडं २.३ सेंटीमीटरचा आणि डावीकडं २.९ सेंटीमीटरचा. डोंगर चालत चालत डावीकडं आला की एकदम अंगानं भरतो. एकच सतरंजी दोन खोल्यांत उंबऱ्यावरनं ओढून अंथरावी तसं झालं सगळं, सगळीकडं आहे पण धड कुठंच नाही. सारखे दोन मॉनिटर घेतलेल्यांचं ठीक आहे, त्यांना फक्त पट्टीचा प्रश्न. आणि पट्टीचा प्रश्न आम्हाला मासिकवाल्यांना नवा नाही, दोन पानांवर पसरलेला फोटो असला की मधल्या शिवणीत चेहरा येऊ द्यायचा नाही हे पहिल्या महिन्यात शिकवतात. शिवणीत झाड येऊ दे, आभाळ येऊ दे, खांदा आला तरी चालेल, पण डोळा नको. एका पुढाऱ्याच्या नाकाबाबत हे पाळलं गेलं नव्हतं तेव्हा काय झालं होतं ते आमच्या लाइनमध्ये अजून सांगतात.

नवऱ्याला मी म्हटलं तुझा कडा तुझ्या लॅपटॉपवर लाव. तर त्याच्या लॅपटॉपवर लावता येत नाही. कंपनीनं ते सेटिंग बंद करून ठेवलंय, क्लिकच होत नाही, कंपनीचा लोगो आणि खाली कसलंतरी ध्येयवाक्य, आणि तो घरनं काम करताना माझा मोठा मॉनिटर जोडून घेतो तेव्हा तो लोगो माझ्याही टेबलावर येऊन बसतो, सत्तावीस इंचांत. माझ्या घरात, मी हप्ते भरलेल्या काचेवर. मी तेव्हा स्वयंपाकघरात असते म्हणून बरं.

खरं सांगायचं तर मोठ्या मॉनिटरवर काय असायला पाहिजे हे मला कधीपासून माहिती होतं, फक्त कंटाळा. तिथं राखाडी पाहिजे. काहीच नसलेला, ना निळ्याकडं झुकणारा ना पिवळ्याकडं, निव्वळ राखाडी. फोटोचा रंग बघणारी माणसं भिंतसुद्धा तशीच ठेवतात, छपाईचे रंग तपासायच्या पेटीतही आतनं तोच राखाडी असतो, कारण डोळा एकटा रंग बघतच नाही, शेजारच्यासकट बघतो. पॅरिसमध्ये गोबेलँ नावाचा गालिचे विणायचा सरकारी कारखाना आहे, तिथं शेव्हरल नावाचे रसायनशास्त्रज्ञ रंगखात्याचे प्रमुख होते, त्यांच्याकडं तक्रार यायची की तुमचा काळा रंग फिका पडतोय. त्यांनी तपासलं, रंगात खोट काही नव्हती, काळ्या लोकरीशेजारी जो रंग विणला होता त्यानं काळा मरत होता. १८३९ मध्ये त्यांनी यावर सगळं लिहून काढलं आणि पुढं चित्रकारांनी ते उचललं. आमच्याकडं त्याचं रूप म्हणजे, मुखपृष्ठावरच्या बाईच्या कातडीचा रंग सारखा करत बसावं आणि मागं भडक केशरी वॉलपेपर असावा, मग कातडी निळसर वाटायला लागते, आपण त्यात पिवळा-लाल वाढवतो, आणि अंक छापून आला की बाई कावीळ झाल्यासारखी. मुखपृष्ठाच्या बायका तशाही फार सोसतात.

पण राखाडी लावायला गेले तर तिथं तिसरी गंमत. 'सॉलिड कलर' निवडलं की ते सगळ्या मॉनिटरना लागतं. एकाला सपाट रंग आणि एकाला फोटो असं होत नाही. स्लाइडशो लावला तर तोही सगळ्यांना, एकावर फिरता आणि एकावर स्थिर असं नाही. मग उपाय काय, राखाडी रंगाचं चित्रच करायचं. फोटोशॉप उघडून २५६० बाय १४४० ची कोरी फाइल घेतली, लाल ११९, हिरवा ११९, निळा ११९, तो बरोबर मधला राखाडी येतो डोळ्याला, भरला, पीएनजी केली, आणि ते चित्र म्हणून मॉनिटर वनला लावलं. काहीच नसण्याचं चित्र. सेव्ह करताना नाव काय द्यायचं यात थोडा वेळ गेला.

भाच्याला हे सगळं सांगितलं तर तो हसला. तो इंजिनिअरिंगला आहे आणि लिनक्स वापरतो, त्यांच्यात दर चार मुलांमागं वेगळं लिनक्स असतं असं मला दिसलंय. त्याच्या मशीनवर एक्सएफसीई नावाचा डेस्कटॉप आहे, त्यात म्हणे वॉलपेपरच्या सेटिंगची खिडकी धरून ज्या मॉनिटरवर सरकवायची त्या मॉनिटरचं चित्र बदलतं. नंबरबिंबर काही नाही. त्यानं करून दाखवलं आणि मी क्षणभर गप्प झाले, इतकं साधं. खिडकी तिथं ने, तिथलं बोल. पण त्याच्याच रूममेटकडं ग्नोम आहे, त्यात मुळात सगळीकडं एकच चित्र, वेगळं पाहिजे तर वेगळं काहीतरी टाकून घ्या. म्हणजे दोन मॉनिटर ही एकच वस्तू आहे का दोन, यावर या प्रोग्राम लिहिणाऱ्यांचंही एकमत नाहीच, प्रत्येकानं आपापल्या स्वभावाप्रमाणं ठरवलंय. माझं मत विचाराल तर दोन. शेजारी ठेवल्यानं एक होत नाहीत.

मी कामाला लागले तेव्हा दोन मॉनिटर कुणाकडं नव्हतेच. मॅकवाल्यांना १९८७ पासून जोडता येत होते आणि विंडोजला ९८ पासून, पण आमच्या डीटीपीच्या, म्हणजे कॉम्प्युटरवर पानं जुळवायच्या, दुकानात एका मॉनिटरपुढं दोन माणसं असायची, एक टाइप करणारा आणि एक शेजारी स्टुलावर बसून कागद वाचून दाखवणारा. हेच काय ते ड्युअल. पेजमेकर, कोरल आणि श्रीलिपी हे प्रोग्राम, जाडजूड पंधरा इंची मॉनिटर, त्याच्यापुढं डोळ्यांसाठी म्हणून अडकवलेली गडद काच, पंख्याखाली उडू नये म्हणून छपाईसाठी काढलेल्या ब्रोमाइड कागदावर ठेवलेला पेपरवेट. मालकांच्या मशीनवर गणपती आणि बाकी सगळ्यांवर ती हिरवी टेकडी. विंडोज एक्सपीची. ती टेकडी खरी आहे, कॅलिफोर्नियातल्या सोनोमा भागातली, चार्ल्स ओ'रिअर नावाच्या फोटोग्राफरनं १९९६ मध्ये गाडीतनं जाताना थांबून काढलेला फोटो, आणि एरवी तिथं द्राक्षाचे मळे असतात पण मुळांना कीड लागून वेली काढून टाकलेल्या होत्या म्हणून नुसतं गवत होतं. हे मला पुष्कळ उशिरा कळलं आणि सगळ्यात आधी आठवले ते नाशिकचे द्राक्षवाले. कुणाच्यातरी उपटलेल्या बागेकडं बघत आम्ही सगळ्यांनी लग्नपत्रिका केल्या.

मग २००८ च्या शेवटाला ती टेकडी गेली आणि काळं आलं. ज्यांची विंडोज कुठल्या सीडीवरनं आली हे कुणी विचारू नये असं होतं, त्यांच्या मशीनवर दर तासाला वॉलपेपर जाऊन काळा पडदा यायला लागला. बदलून टेकडी लावली की तासाभरानं पुन्हा काळा. काम काही अडत नव्हतं, पेजमेकर चालत होतं, पण दर तासाला कुणीतरी येऊन खांद्यावर टकटक करतंय असं व्हायचं. मालकांना त्यात सगळ्यात जास्त कशाचं लागलं असेल तर गणपती जाण्याचं. काळ्याचं काही नाही, पण बाप्पा दर तासाला विसर्जित होतोय हे त्यांना सहन होईना, आणि शेवटी त्यांनी पैसे भरून खरी विंडोज घेतली. मायक्रोसॉफ्टला हे कुणी कळवलं नसेल.

गणपतीचा विषय अण्णांनीही काढलाच. राखाडी बघून म्हणाले, "हे काय सुतकी लावलंयस? गणपती लाव की एखादा." मी त्यांना शेव्हरल सांगितले. त्यांनी ऐकून घेतलं. मग म्हणाले, "बरं, मग त्या छोट्यावर लाव." आता छोट्यावर लावायला हरकत नव्हती, रंग मी तिथं बघत नाही, पण मला देवाचं चित्र डेस्कटॉपवर नको वाटतं, आणि श्रद्धा नाही म्हणून नको असं नाही, उलट आहे म्हणूनच. वर वर्डच्या फाइली येऊन बसणार, कुणाचं बिल, कुणाची कविता, आणि देव खाली. मालकांच्या गणपतीच्या सोंडेवर कायम 'न्यू फोल्डर टू' असायचं. माणसांचे फोटोही त्याच कारणानं मी लावत नव्हते. आईचा आणि मावशीचा एक छान फोटो आहे, तो पूर्वी लावला होता तर आईच्या कपाळावर रिसायकल बिन. आता विंडोज ते चिन्ह मुख्य मॉनिटरच्या वरच्या डाव्या कोपऱ्यात ठेवतं आणि फोटो काढणाऱ्यांना चेहरे वर ठेवायची सवय असते, त्याला कोण काय करणार. शिवाय 'फिल' केलं की कापाकापी. साधा चारास तीनचा फोटो आडव्या लांब स्क्रीनवर भरला की वर-खालचा मिळून पाव भाग जातो. म्हणजे एक तर पाय जातात नाहीतर केस, आणि घरच्या फोटोत उंच माणसं मागच्या रांगेत असतात.

हे सगळं बोलता बोलता माझ्या लक्षात आलं की दुसरा मॉनिटर या सगळ्यातनं सुटलेला आहे. आयकॉन सगळे मुख्य स्क्रीनवर, उण्यात काही नाही. चौकोनी असल्यामुळं जुने फोटो त्यात जवळजवळ अख्खे बसतात. कॉलवर स्क्रीन शेअर करायची वेळ येते तेव्हा मी मोठाच दाखवते, तिथं राखाडी, बघणाऱ्याला वाटतं बाई फार गंभीर. छोटा कुणाला दिसत नाही. म्हणजे घरात जसा बाहेरच्या खोलीत देवादिकांचं आणि कालनिर्णय असतं आणि आतल्या खोलीत कपाटाच्या दाराला आतनं चिकटवलेलं काहीतरी असतं, ते आतलं दार मला आयतं मिळालेलं होतं आणि मी त्यावर विंडोजबरोबर आलेलं फूल लावून बसले होते.

अण्णांना विचारलं काय लावू, देव सोडून सांगा. ते म्हणाले बघतो. दोन दिवस काही बोलले नाहीत. मग त्यांच्या पत्र्याच्या ट्रंकेतनं प्रेसमधला ग्रुप फोटो निघाला. आठ बाय सहाचा, जाड पुठ्ठ्यावर चिकटवलेला, कडांना वाळवीनं थोडं चाखलेलं. मागं छपाईची दोन ट्रेडल मशीन, बाजूला खिळ्यांच्या केसा, म्हणजे खणांचे ट्रे, लावलेला तिरका घोडा, आणि पुढं सगळे उभे, कुणी शर्ट खोचून आलाय, कुणाच्या हाताला शाई तशीच. अण्णा ओळखू येत नाहीत, इतके बारीक. प्रेस सदाशिव पेठेत होती, ऑफसेट आलं, पाठोपाठ आमचं डीटीपी आलं, आणि प्रेस मिटली. तिथं आता फ्लॅट आहेत. म्हणजे ज्या यंत्रानं या फोटोतल्या लोकांचं काम संपवलं त्याच यंत्रावर मी हा फोटो लावणार होते, आणि अण्णांना हे कळत नव्हतं असं मुळीच नाही. त्यांनी तसं काही म्हटलं नाही. मीही विषय काढला नाही.

सहाशे डीपीआयला, म्हणजे इंचाला सहाशे ठिपके धरून, स्कॅन केला. ४८०० बाय ३६००. फोटो काळा-पांढरा पण वयानं पिवळा-तपकिरी पडलेला, तो रंग काढून टाकला, म्हणजे राखाडीशेजारी राखाडीच, माझ्या मुखपृष्ठावरच्या बायकांना त्रास नाही. मग भरायचा कसा हा प्रश्न. फिल केला तर दोन्ही बाजूंनी थोडं थोडं कापलं जात होतं, फार नाही, शंभरात सहा भाग, पण तेवढ्यात उजव्या कडेचा पोरगा जात होता. चौदा-पंधराचा असेल, हातात चिंधी, अर्धा ट्रेडलच्या आड. फोटोग्राफरनंच त्याला जेमतेम आत घेतलेला. अण्णांना त्याचं नाव आठवेना, मशीन पुसायला होता एवढंच. मग फिल नको म्हटलं, 'फिट' केलं. १२८० रुंदी धरली की उंची ९६० होते, वर-खाली बत्तीस-बत्तीस ठिपक्यांच्या पट्ट्या मोकळ्या राहतात, त्या तशाच ठेवल्या. सगळे बसले. पिवळट मॉनिटरवर तो फोटो पुन्हा थोडा पिवळा दिसायला लागला, काढून टाकलेलं वय काचेनं परत दिलं, पण ते राहू दिलं.

अण्णा बघायला आले. स्क्रीनला बोट लावून लावून एकेकाची ओळख करून दिली, बोटांचे ठसे अजून आहेत काचेवर, कोण पुढं रिक्षा चालवायला लागला, कोण गावी गेला, कुणाच्या जोडाक्षरांना कोण हात लावू शकत नव्हतं, आणि डावीकडनं तिसऱ्या माणसाकडनं त्यांचे काही पैसे यायचे राहिलेत, त्याचा बराच सविस्तर हिशोब. मी ऐकत होते आणि एकीकडं मेल येत होत्या. शेवटी मला काम उघडायला लागलं, वर्डची फाइल आली आणि अख्खी प्रेस तिच्या मागं गेली.

"हे दिवसभर असंच झाकलेलं असणार का?" अण्णांनी विचारलं.

मी विंडोज आणि डी दाबून दाखवलं, असं केलं की दिसतं. परत दाबलं की परत झाकतं. त्यांनी दोनदा स्वतः दाबून बघितलं, मान हलवली, आणि म्हणाले, "ते तुझं असू दे. मला एक प्रिंट काढून दे." किती मोठा म्हटलं तर म्हणाले दहा बाय आठ, त्या मापाची फ्रेम तयार मिळते, करून घ्यावी लागत नाही. गंमत म्हणजे दहास आठ हे या चौकोनी मॉनिटरचंच माप, त्यामुळं वर-खाली तशीच पाव-पाव इंच पट्टी येईल. फक्त स्क्रीनची फाइल चालणार नाही, १२८० ठिपके दहा इंचात म्हणजे अगदीच विरळ, स्कॅनवरनं परत काढायला लागेल. मॅट पेपर, ग्लॉसी नको, त्यावर ट्यूबलाइट दिसते. आणि पट्ट्या पांढऱ्या ठेव म्हणाले, तुझं ते राखाडी नको.